कड्यावरच्या घंटाळीची रोपं

“दोनशे चौदा झाडं,” कॅरिन म्हणाली, “पण कागदावर बघितलं तर एकच.”

एनॉक रोपांच्या पिशव्यांमधलं तण उपटत होता. त्याने मान वर केली नाही. “तुझं यंत्र चुकलं असेल, पोरी. दोनशे चौदा मी लावलीत. विचार माझ्या गुडघ्यांना.”

“यंत्र नाही चुकलं. तीनदा करून घेतलं मी.” तिने कागद त्याच्यापुढे ट्रेच्या कडेवर ठेवला. बारीक रेघांच्या ओळीच ओळी होत्या. दर ओळ म्हणजे एक झाड, आणि सगळ्या ओळी जवळजवळ सारख्या. “ही सगळी एकाच आईची लेकरं आहेत.”

“ते मला ठाऊक आहे. दरीतल्या झाडाचं बी. मीच तर वेचलं.”

“आणि बाप कोण?”

“बाप कुठला? दुसरं झाडच नव्हतं.”

“म्हणजे बापही तीच. नातवंडांचंही तसंच, पतवंडांचंही तसंच.” कॅरिन बाकावर बसली. ती वर्षातून दोनदा ऑस्ट्रेलियाहून यायची, पानं गोळा करून प्रयोगशाळेत न्यायची आणि मग तपासणीचे कागद घेऊन परत यायची. “म्हणून बी पोकळ निघतंय, एनॉक. म्हणून रोपं पांढुरकी येतात आणि महिन्याभरात माना टाकतात. गेल्या हिवाळ्यात काळे ठिपके आले तेव्हा एकाच आठवड्यात सगळी आजारी पडली की नाही? एकाला जे झेपत नाही ते इथे कुणालाच झेपत नाही.”

एनॉकने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. त्याच्या बोटांची माती कागदाला लागली.

“जुन्या नोंदींत लिहिलंय,” ती म्हणाली, “की पश्चिमेच्या कड्यावर आणखी एक झाड होतं. वादळात गेलं. त्याचं बी कुणी घेतलं नव्हतं का?”

“नाही,” एनॉक म्हणाला.

नॉरफोक बेटावर टेलिफोनच्या पुस्तकात माणसांची टोपणनावंच छापतात, कारण आठ आडनावांत सगळं बेट बसतं आणि नाहीतर कुणालाच कुणी सापडायचं नाही. एनॉक नॉब्सचं नाव तिथे ‘काडी’ असं होतं. शाळेत असताना तो काडीसारखा होता. आता चौसष्टाव्या वर्षी पोट सुटलं होतं, तरी नाव तेच. चाळीस वर्षं तो डोंगराच्या उतारावरच्या रोपवाटिकेत होता. आई गेल्यापासून घरात एकटाच. सकाळी गाडीतून जाताना समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून बोटं उचलून त्याला हात करायचा, तोही करायचा. बेटावर सगळेच सगळ्यांना करतात. दिवसातून तीस-चाळीस हात होत असतील. त्यातल्या एकानेही त्याच्या दारासमोर गाडी थांबवल्याला बरीच वर्षं झाली होती.

जगात दुसरीकडे कुठेही नसलेली घंटाळी आपल्या हातून वाचली, एवढी एक गोष्ट मात्र त्याची होती. बेटावर लोक तसं म्हणायचे. शाळेतली मुलं बघायला यायची तेव्हा बाई सांगायच्या, “हे काका नसते ना, तर हे झाडच उरलं नसतं.”

कॅरिन गेल्यावर त्याने झारीत नळ सोडला. झारी भरून वाहू लागली तरी तो बघत उभा राहिला.

चाळीस वर्षांपूर्वी दोन झाडं होती. एक दरीत, वाऱ्याच्या आडोशाला, चांगलं दोन पुरुष उंच. दुसरं कड्यावर, वाऱ्याने लोळवलेलं. नव्याने नोकरीला लागलेल्या एनॉकने दोन्हींचं बी आणून पेरलं होतं. दरीतल्या झाडाची रोपं सरळ आली, रुंद पानांची. कड्यावरच्या झाडाची वाकडी, बारीक पानांची, आणि वाढायला आळशी. मांडवात जागा साठ पिशव्यांची. साहेब पाहणीला येणार होते. एनॉकला सगळं नीटनेटकं हवं होतं. त्याने एका दुपारी कड्यावरची सगळी रोपं उपटली आणि पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकली. पुढे बी पुन्हा आणता आलं असतं. पण दोन वर्षांनी वादळात कड्याचा तो तुकडा झाडासकट समुद्रात गेला.

रोपं उपटली त्याच दुपारी डॉर्कस आली होती. बापासाठी लिंबाची रोपं न्यायला. ढिगाकडे बघून तिने विचारलं होतं, “ही का टाकलीस?”

“वाकडी आहेत.”

“मग मी नेते,” असं म्हणून तिने तीन रोपं आपल्या टोपीत घालून नेली होती.

डॉर्कस त्याच्या मामाची मुलगी. आणि आत्याचीही. त्याच्या आईचा भाऊ आणि त्याच्या बापाची बहीण, यांनी एकमेकांशी लग्न केलेलं. तशात आजी-आजोबाही एकमेकांचे चुलत. लहानपणापासून दोघं एकत्र वाढली, आणि विशीत कधीतरी ती नुसती भावंडं राहिली नाहीत. एनॉकने घरी सांगितलं तेव्हा आई भांडली नाही की रडली नाही. ती म्हणाली, “एकाच विहिरीचं पाणी दोन बादल्यांत आहे. एकत्र ओतून काय नवीन होणार? उद्या मूल आंधळं निघालं तर त्याच्या डोळ्यांत तू बघशील का?” एनॉकने ऐकलं. ही गोष्ट त्या रोपांच्या आठच दिवस आधीची. पुढच्या महिन्यात डॉर्कस ब्रिस्बेनला गेली. तिथे एका वायरमनशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा परत येऊन बापाच्या घरात राहू लागली. रस्त्यात गाडी समोरून आली की ती हात करायची. एनॉकही करायचा.

कॅरिन येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो डॉर्कसच्या घरावरून दोनदा पुढे गेला. तिसऱ्यांदा फाटकासमोर गाय आडवी उभी राहिली म्हणून गाडी थांबवावी लागली.

डॉर्कस पायरीवर उभी होती. “दोनदा गेलास पुढून. आणखी एकदा गेला असतास तर पोलिसाला फोन करणार होते.”

“गाय आडवी आली.”

“गाय आत्ता आली. आधी कोण आलं होतं आडवं? ये आत. त्या खोक्यावर बसू नको, बशा आहेत त्यात.”

सगळं घर खोक्यांनी भरलं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते.

“कुठे निघालीस?” एनॉकने विचारलं.

“ब्रिस्बेनला. हृदयाची झडप बदलायचीय. मग थोरली म्हणते, आता तिथेच राहा. घर विकलं मी. सगळ्या बेटाला माहीत आहे, तुला कसं नाही?”

“मला कोण सांगणार?”

ती शेगडीकडे वळली. चहा ठेवला. मग पाठमोरीच म्हणाली, “बोल, काय काम काढलंस?”

“तू एकदा माझ्याकडून तीन रोपं नेली होतीस. घंटाळीची.”

डॉर्कस हसायला लागली. इतकी, की छातीवर हात धरून तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. “अकरा वर्षं, एनॉक. अकरा वर्षं मी इथे आहे, तुझ्यापासून चार किलोमीटरवर. आणि आलास तो झुडपासाठी! अरे, निदान खोटं बोलायचं. चहाला आलो म्हणायचं.”

“चहाही घेईन.”

“घेशील रे. तुला कोण नाही म्हणतंय?” तिने कप त्याच्यापुढे ठेवला. सोबत केळी किसून भाजलेल्या पिल्हीचा गार तुकडाही. “खा. मग दाखवते.”

झाड धुण्याच्या खोलीमागे होतं. माणसाएवढंच उंच, एका बाजूला पार वाकलेलं. खोडाला कपड्यांची दोरी बांधलेली, इतकी वर्षं की साल तिच्यावरून वाढून दोरी आत गेली होती.

“दोन रोपं गुरांनी खाल्ली,” डॉर्कस म्हणाली. “हे राहिलं, कारण बाबांनी त्याला दोरी बांधली. झाडाची माया वगैरे काही नाही हं, खांब आणायचा कंटाळा. दर वर्षी मेलं फुलतं आणि माझ्या चादरींवर पिवळे डाग पाडतं. किती शिव्या दिल्यात मी त्याला.”

एनॉकने एक फांदी खाली ओढली. पानं बारीक, जाड; एकावरही ठिपका नव्हता. टोकाला ज्वारीच्या दाण्यांएवढ्या हिरव्या कळ्या धरल्या होत्या. त्याने दुसरा हात भिंतीला टेकवला आणि तसाच उभा राहिला.

“काय झालं?” डॉर्कसने विचारलं.

“काही नाही. तू कधी जाणार?”

“ऑक्टोबरच्या बारा तारखेला.”

त्याने बोटांवर आठवडे मोजले.

घंटाळीचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत गळून जातं. रोपवाटिकेतल्या झाडांना सप्टेंबरच्या शेवटी फुलं आली, डॉर्कसच्या झाडाला त्यानंतर चार दिवसांनी. एनॉक पहाटे आपल्या झाडांवरचे पराग काडेपेटीत झटकून घ्यायचा आणि सातच्या आत तिच्याकडे पोचायचा. ब्रश लहान मुलांच्या रंगपेटीतला होता. फांद्या ठिसूळ, त्या धरायला दुसरं माणूस लागायचं. डॉर्कस फांदी वाकवून धरायची, तो उमललेल्या फुलाच्या तोंडाशी ब्रश टेकवायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. मग तिच्या झाडाचे पराग दुसऱ्या काडेपेटीत घेऊन तो परत जायचा.

पहिले दोन दिवस बोलणं झालं ते “वर धर”, “थोडी खाली”, “धरलीय की नीट” एवढंच. तिसऱ्या दिवशी तो ब्रश पुसत म्हणाला, “तू नेलीस ती रोपं टाकाऊ नव्हती. ती जगली असती. मीच उपटून टाकली होती.”

“माहीत आहे. टाकताना बघितलं मी तुला.”

“कॅरिनला मी सांगितलं नाही. ती म्हणाली, त्या झाडाचं बी कुणी घेतलं होतं का. मी नाही म्हटलं.”

“मग आता सांग.”

“चाळीस वर्षं लोक म्हणतात, एनॉकने घंटाळी वाचवली.”

“वाचवलीसच की. आणि टाकलीसही. दोन्ही तूच केलंस, तर दोन्ही सांग. लाज कसली? फांदी सोडू का? हात अवघडला.”

त्या दुपारी त्याने कॅरिनला फोन केला. सगळं सांगितलं, साठ पिशव्या, साहेबांची पाहणी, ढीग. मग ती म्हणाली, “नोंदवहीत लिहून ठेवा. तारखेसकट. आणि जागा साठ पिशव्यांचीच होती, हेही लिहा.” तिच्या आवाजात राग नव्हता, पण तिने त्याची समजूतही घातली नाही. ते एनॉकला बरं वाटलं.

सहाव्या की सातव्या सकाळी वारा पडला होता आणि फुलं बरीच उघडली होती. डॉर्कस मध्येच खुर्चीवर बसली. तिला धाप लागत होती. बसल्या बसल्या तिने विचारलं, “तू लग्न का नाही केलंस रे?”

“कुणी विचारलं नाही.”

“बायका विचारत नाहीत, गाढवा.”

“एकीने विचारलं होतं.”

ती खुर्चीत मागे टेकली. मग म्हणाली, “हो. मीच विचारलं होतं. आणि मी वाट बघत होते, की तू एकदा तरी आत्याशी भांडशील. लग्न नको होऊ दे, पण भांडशील. महिनाभर होते मी इथे त्यानंतर.”

“मला वाटलं, तिचं बरोबर आहे.” एनॉक हातातल्या ब्रशकडे बघत होता. “तिचं चूक नव्हतं, डॉर्कस. आता तर मी कागदावर बघितलंय. रेघा सारख्या आल्या की बी पोकळ होतं.”

“असेल. आत्या खोटं बोलत नव्हती. माझ्या दोन्ही मुली धडधाकट आहेत, घोड्यांसारख्या. दुसऱ्या रक्ताच्या.” तिने खाली पडलेलं एक फूल उचलून चुरगाळलं, बोटं पिवळी झाली. “पण तुझं काय? झाडांसाठी तू चार किलोमीटर आलास, नाक मुठीत धरून. स्वतःसाठी कधी निघालास का कुठे? विमानं येतात, जहाजं येतात. जगात आठ आडनावांपलीकडे माणसं आहेत, एनॉक.”

“मी शोधलं नाही.”

“का?”

तो दोरा तोडायला दातांत धरत होता. दोरा तुटला, त्याने देठाला दोन फेरे दिले, गाठ मारली. “मला दुसरं कुणी नको होतं,” तो म्हणाला.

डॉर्कसने उठून पुढची फांदी धरली. त्या सकाळी त्यांनी एकोणीस फुलं केली.

बारा तारखेला विमानतळावर नेहमीसारखी गर्दी होती. निघालेल्या माणसाला अर्धं बेट मिठी मारतं, तशी रांगच लागली होती. एनॉक रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढे तिच्या शेजारणी होत्या, चर्चमधल्या बायका होत्या, तिला लहानपणी कडेवर घेणाऱ्या एक आजी होत्या. त्याची पाळी आली तेव्हा डॉर्कसने इतरांना मारली तशीच, तेवढाच वेळ मिठी मारली. कानाशी म्हणाली, “चिमटे दोरीवरच ठेवलेत. फांद्या धरायला होतील.”

पुढचे नऊ दिवस तो रिकाम्या घरामागे जात होता. नवीन मालक नाताळानंतर येणार होते. कपड्यांच्या चिमट्याने फांदी दोरीला अडकवायची, एका हातात काडेपेटी, दुसऱ्यात ब्रश. जमत होतं. वेळ दुप्पट लागत होता.

फेब्रुवारीत बोंडं पिकली. एनॉकने पहिलं बोंड नखाने उकललं आणि दाणा दाढेखाली धरून हळूच दाबला. टणक होता. एकूण अठ्ठावन्न दाणे निघाले. एकोणपन्नास उगवले. काही सरळ होते, काही वाकडे, काहींची पानं रुंद, काहींची बारीक. कुठलीही दोन सारखी नव्हती, आणि मांडव अगदी गबाळा दिसत होता. त्याने दर पिशवीवर आईबापांचे क्रमांक घातले. जूनमध्ये, हिवाळा लागल्यावर, काळे ठिपके परत आले. जुन्या झाडांनी पानं गाळली. नव्या रोपांतली सहा आजारी पडली, त्यांतली दोन सावरली. बाकीच्यांवर ठिपका नव्हता. कॅरिन आली, वाकून प्रत्येक रोप बघत गेली, आणि शेवटच्या ओळीपाशी तिने डोळे पुसले.

डॉर्कसचं ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये झालं होतं. त्यानंतर एनॉकने तिला दोनदा फोन केला होता, दोन्ही वेळा तिनेच उचलला होता. दुसऱ्या वेळी तिचा आवाज फार बारीक होता. ती म्हणाली होती, “कड्यावर लावशील तेव्हा कळव. वारा कसला आहे ते सांग.”

ऑगस्टच्या एका शनिवारी त्याने एकवीस रोपं पश्चिमेच्या कड्यावर नेली. मदतीला दहा-बारा जण येणार होते. पण त्याच दिवशी जहाज लागलं, आणि जहाज लागलं की धडधाकट माणूस माल उतरवायला धक्क्यावर जातो. एनॉक एकटाच होता. त्याने खड्डे घेतले, दर रोपाला वाऱ्याच्या बाजूने दगड लावले. पंधरावं रोप लावून झाल्यावर तो बसला. खाली पाणी कड्यावर आदळत होतं. फोनला इथे रेंज यायची. त्याने डॉर्कसचा नंबर लावला.

“हॅलो?” आवाज तरुण होता. “मी तिची मुलगी बोलतेय. आई झोपलीय हो. आत्ताच औषध दिलंय. काही निरोप?”

“तिला सांग...” एनॉकने वाऱ्याकडे तोंड केलं. “सांग, पंधरा लागली. वारा नैऋत्येचा आहे, पण रोपं उभी आहेत.”

“पंधरा... नैऋत्य.” ती लिहून घेत होती. “आणि कुणाचा फोन म्हणून सांगू?”

एनॉकने बोटांची माती गुडघ्याला पुसली.

“तिचा भाऊ,” तो म्हणाला. “बेटावरचा.”

पलीकडे मुलगी हसली; मोकळं, आईसारखंच. “अहो मामा, बेटावरचे सगळेच तिचे भाऊ! रोज एकाचा फोन येतो. त्यातला कुठला म्हणून सांगू?”

खालून पाण्याचा आवाज येत होता. मुलगी वाट बघत होती.

“राहू दे,” एनॉक म्हणाला. “निरोप सांग तेवढा. तिला कळेल.”

फोन खिशात ठेवून तो गुडघ्यांवर हात देऊन उठला. सहा रोपं राहिली होती. त्याने सोळाव्या रोपाची पिशवी सोडवली आणि मुळांभोवतीची माती सांडू नये म्हणून वाऱ्याकडे पाठ केली.